बंगल्यापुढची कालवड

सितारामने कालवडीच्या कानामागची वाढलेली फांदी कात्रीत धरली, तेवढ्यात ओव्हरसीअर माणिकराव पायऱ्या उतरत ओरडले, "कान काय कोरत बसलास? ती कालवडच काढून टाक!"

सितारामने कात्री मिटली. देवगाव फाट्याजवळच्या या सरकारी बंगल्यापुढे मेंदीच्या झुडपांतून काय काय उभं करायचं, याला काही धरबंधच राहिला नव्हता. जो साहेब मुक्कामाला येई तो नवं फर्मान सोडून जाई. एकाला मोर हवा झाला. मोर झाला, तर दुसऱ्याला तो कोंबडीसारखा दिसला. मग हत्ती आला. त्याची सोंड ऐन उन्हाळ्यात वाळली आणि बोलणी सितारामने खाल्ली. शेवटी माणिकरावच म्हणाले, गाय कर, गायीला कोणी नावं ठेवत नाही. गाय केली. शेजारच्या लहान झुडपाची कालवड मात्र त्याने कुणी न सांगता केली होती, आईच्या कासेला तोंड लावून उभी असलेली.

"कालवडीनं काय केलं साहेब तुमचं?"

"अरे, निवडणूक लागलीय. गाय-वासरू ही सत्तेतल्या पक्षाची निशाणी, आणि तू ती सरकारी बंगल्यापुढे उभी करून ठेवलीस! उद्या कलेक्टर येतायत. नुसती गाय राहिली तर हरकत नाही."

"मंग वऱ्हांड्यातला कंदील बी काढा की. त्यो बी कुणाची तरी निशाणी असंलच. तुमची सायकल मोडू का?"

"सिताराम, तुला नोकरीत कायम करा म्हणून मी वर शब्द टाकलाय. मला तोंडघशी पाडू नकोस. संध्याकाळी परत येईन तेव्हा कालवड दिसता कामा नये."

माणिकराव सायकलवर टांग टाकून निघून गेले. सिताराम संतापाने पुटपुटत राहिला. दुपारी त्याची बायको कुसुमबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा त्याने सगळा राग तिच्यापुढे ओकला. तिने कालवडीकडे एकदा पाहिलं आणि भाकरीचं फडकं सोडलं.

तिचं हे गप्प राहणं त्याला जास्त झोंबे. दुष्काळात त्याने घरची दुभती गाय जिंतूरच्या बाजारात विकली होती. घेणारा म्हणाला, वासरू नको, त्याला कोण पोसणार? सितारामने मुकाट्याने कालवडीचं दावं सोडवून घेतलं आणि तिला माघारी आणली. आईसाठी हंबरून हंबरून ती मेली. कुसुमबाई तेव्हाही चकार शब्द बोलली नाही. त्याच्याबरोबर खडी फोडायला गेली, रांधलं, वाढलं. फक्त वसुबारस करायची सोडली. गेल्या दिवाळीत मात्र ती हळदीकुंकू घेऊन इथे आली आणि मेंदीच्या या मायलेकींची पूजा केली. कुंकवानं पानं जळतात म्हणून सिताराम वरवर कुरकुरला, पण त्या दिवशी त्याला फार हलकं वाटलं होतं.

"बोल की कायतरी!"

"मी काय बोलू? तुमच्या नोकरीचं हाय," असं म्हणून ती घागर घेऊन विहिरीकडे गेली.

अर्धी भाकरी तशीच टाकून तो उठला. करवतीने कालवड बुंध्यातून कापली. लहानशीच होती, लगेच आडवी झाली. तो मागे सरला. गायीची मान अजून खाली वळलेली, तिच्याकडेच.

"आता कुणाला चाटायलीस गं?" तो गायीवरच खेकसला, आणि अवजारांच्या खोलीत ठेवलेली घरची कुऱ्हाड आणायला गेला.

संध्याकाळी माणिकरावांनी सायकल अंगणात आडवीच टाकली.

"गाय कुणी काढायला सांगितली होती?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"वासराबिगर गाय पुजत नसत्यात साहेब."

"पूजा कुठून आली इथे? कलेक्टरांना काय ही खुंटं दाखवू? लय शहाणा झालास. उद्यापासून येऊ नकोस."

सितारामने कात्री आणि करवत पायरीवर ठेवली, घरची कुऱ्हाड तेवढी उचलली. विहिरीपाशी थांबलेली कुसुमबाई घागर घेऊन घराकडे निघाली. फाट्यापर्यंत ती त्याच्या पुढेच चालत होती. नोकरी गेल्याबद्दल ती आता तरी भांडेल, असं त्याला वाटत होतं.

"तवा बी दोघींना येगळं करायचं नव्हतं," ती मागे न बघता म्हणाली.

सिताराम थबकला. "घेणारा वासरू घ्यायला तयार नव्हता."

"मंग गाय द्यायची न्हाई."

"खायला काय हुतं आपल्याला? आन् हे तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलंत कवा?"

इतक्या वर्षांचं सगळं त्याच्या तोंडाशी आलं. त्याने कुऱ्हाड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तिला गाठायला पाय उचलले.