काहून न म्हणणारं घर

"बूट घालून आली वं," आई माझ्या कानाशी पुटपुटली. "आत्ताच पोछा मारला होता. गुडघे धरून धरून."

मी तिचा हात दाबला. समोर सोफ्यावर वैदेही मॅडम बसल्या होत्या. वायुसेनेचा निळा गणवेश, टोपी मांडीवर, पाठ ताठ. वायुसेनानगरातून मनीषनगरपर्यंत आमचं घर विचारत विचारत आल्या होत्या बिचाऱ्या, आणि आईचं सगळं लक्ष त्यांच्या बुटांकडे. मॅडम मूळच्या पुण्याच्या, बदली होऊन इथे आलेल्या. नागपुरी बोली फार गोड वाटते, मी शिकतेय, असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

त्यांचं काम असं होतं. नागपूरचं त्यांचं कमांड स्वतः लढत नाही, ते विमानं लढती ठेवतं. देशभर त्याचे डेपो. तिथे विमानं उघडतात, दुरुस्त करतात, पुन्हा जोडतात आणि उडवणाऱ्यांच्या हवाली करतात. या कमांडनं लढायांच्या काळात काय काय केलं, त्याचा जाडजूड इतिहास आता छापून निघणार होता. एकाहत्तरच्या लढाईचा त्यात मोठा भाग, आणि त्या भागाच्या शेवटी माणसांची नावं. त्यांत एक कॉर्पोरल रुपराव, एअरफ्रेम फिटर. म्हणजे माझे बाबा.

"तुम्ही वीरनारी आहात, आई," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे कोण, असं आईनं मला डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, शूर बाई. फौजेच्या भाषेत वीरनारी म्हणजे लढाईत गेलेल्या जवानाची विधवा, हे मला ठाऊक होतं. प्रेमिला आत्यालाही ठाऊक होतं. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरीकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहत होती. आई मात्र खूश झाली. "मी कायची शूर," ती मॅडमना म्हणाली, "मी तं पालीले भेते."

खरं विचारायचं ते मॅडमनी निघताना विचारलं, तेही मला एकटीला, फाटकापाशी. पुस्तकातली नावं दोन मथळ्यांखाली जायची होती, एक वीरगती आणि दुसरं बेपत्ता. कागदोपत्री बाबा अजून या दोहोंच्या मध्येच कुठेतरी लटकलेले. घरचे म्हणतील तिकडे नाव घालायचं, असं वरून ठरलं होतं. आईंना विचारून ठेवा, मॅडम म्हणाल्या, रविवारी मी येते.

एवढी साधी गोष्ट. आईला विचारायचं, बाई, तुझा नवरा कुठे लिहू.

बाबा मौद्याकडचे. कानपूरच्या डेपोत विमानांचे पत्रे आणि पंख दुरुस्त करायचे. लढाई सुरू झाली तेव्हा आई बाळंतपणासाठी गावी आली होती आणि मी तिच्या पोटात होते. पश्चिमेला, वाळवंटाकडच्या एका तळावर काही विमानं नादुरुस्त होऊन अडकली होती, त्यांना सुटे भाग हवे होते आणि ते बसवणारी माणसं हवी होती. बाबा सामानाबरोबर डकोटात बसून निघाले. त्यांना विमानात बसायची भीती वाटायची, असं आई सांगते. विमानाचा रिव्हेट न् रिव्हेट ज्याच्या ओळखीचा, तो भिणारच. ते डकोटा पोचलंच नाही. पत्र्याचा तुकडासुद्धा सापडला नाही. अंधारात दिशा चुकून सरहद्दीपलीकडे गेलं असेल, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं, आणि ते म्हणणं आमच्या घरी कायमचं राहायला आलं.

मी शिकले दहावीपर्यंत. पुढचं सगळं शब्दकोश मांडीवर घेऊन. लढाईवरचं मिळेल ते वाचत गेले, रद्दीतलं, लायब्ररीतलं, आता मोबाइलवरचं. ‘मिसिंग’ आणि ‘बिलीव्ह्ड किल्ड’ हे मी नीट समजून घेतलेले पहिले इंग्रजी शब्द. मारला गेला असा विश्वास आहे. विश्वास कुणाचा, ते इंग्रजीत लिहायची पद्धत नाही. लढाईची पुस्तकं असतात वर उडणाऱ्यांची. पाना हातात धरून धावपट्टीच्या कडेला आभाळाकडे पाहत उभी राहिलेली माणसं त्यांत एखाद्या ओळीत आटपतात. त्या ओळीत मी बाबांना शोधत राहिले, आणि ते तिथेही नव्हते.

आता घरातली गोष्ट सांगते. आमच्या घरात ‘का’ या अर्थी ‘काहून’ म्हणत नाहीत. नागपुरात राहून, हो. मले-तुले चालतं, करून राहिलो चालतं, पण काहून नाही. आम्ही ‘कशाले’ म्हणतो, फारच अडलं तर ‘का बरं’ म्हणतो. शेजारणींना वाटतं, यांना पुण्याचं वारं लागलं. माझी रितिका पहिलीत असताना तो शब्द शाळेतून घेऊन आली आणि जेवताना आजीला म्हणाली, भाजी काहून नाही घेत. आई भरल्या ताटावरून उठली. त्यानंतर रितिकाही कधी म्हणाली नाही. लहान पोरांना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ समजतं.

हे सुरू झालं मी शाळेत होते तेव्हा. कामठीचे एक सरदारजी, ट्रकचा धंदा असलेले, बाबा बेपत्ता असल्याचं ऐकून रविंद्र काकांना शोधत आमच्याकडे आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. सरदारजींचा मेहुणा पंजाबात अगदी सरहद्दीवर शेती करायचा. म्हशीमागे चुकून पलीकडे गेला, पकडला गेला आणि बऱ्याच वर्षांनी सुटून आला. त्यानं सांगितलं की तिथल्या तुरुंगात, भिंतीपलीकडच्या कोठडीत, आपल्याकडचा एक कैदी होता. डोकं ठिकाणावर नसलेला. दिवसभर एकच शब्द बोलायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, तो ‘कहूँ?’ म्हणतोय. सांगू का? म्हणजे याच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी आहे. ते म्हणायचे, हाँ, कह. आणि तो पुन्हा तेच, कहूँ?

सरदारजी जन्मापासून कामठीतले. मेहुण्यानं त्या माणसाची नक्कल करून दाखवली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तो सांगू का, असं विचारत नव्हता. तो काहून, म्हणत होता.

काकांनी सरदारजींना मिठी मारली. दादा जिवंत आहे म्हणून पेढे आणले, गल्लीत वाटले. आईनं एकच विचारलं. तो सांगत नाही म्हटल्यावर पहारेकरी त्याचं काय करत होते? सरदारजी खाली पाहत बसले. "अब छोड़ो भाभी," ते म्हणाले. हातातला पेढा त्यांनी खाल्ला नाही, जाताना हळूच ताटलीत ठेवून गेले.

मला आज वाटतं, तो माणूस कुणीही असेल. कदाचित खरंच कहूँच म्हणत असेल, कुणी बिहारचा नाहीतर कुणी झाशीचा. एका ‘न’वर आमचं घर इतकी वर्षं उभं आहे. काका त्यानंतर दरवर्षी दिल्लीला जातात, इतर बेपत्ता जवानांच्या घरच्यांबरोबर दादाचा फोटो छातीशी धरून उभे राहतात. लग्न दादा आल्यावर करीन म्हणाले, आणि मग लग्नाचं वयच गेलं. त्यांच्या तोंडून जिवंत हा शब्द इतका ऐकलाय की तो मला नातेवाइकासारखा वाटतो, आवडत नसला तरी दिवाळीला बोलवावाच लागतो असा.

तर रविवारपर्यंतचे दिवस आम्ही आईपासून पळण्यात घालवले. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता सुरुवात केली, आई, त्या मॅडम विचारत होत्या, आणि पुढे विचारलं काय तर तेल गरम आहे का. आत्याला म्हटलं, तू विचार. ती म्हणाली, पोटची पोरगी तू, मी नणंद. मग तिलाच राहवलं नाही, मुद्दाम आली, आईबरोबर मेथीची अख्खी जुडी निवडली, आपल्या सुनेच्या माहेरच्या लग्नाची सगळी हकिगत सांगितली आणि निघून गेली. फाटकाशी मला म्हणाली, आज तिचा चेहरा बरा नव्हता. आईचा चेहरा नेहमीसारखाच होता.

काकांना मौद्याला फोन केला. त्यांच्या मते विचारण्यासारखं काही नव्हतंच. बेपत्ता लिहायचं, वहिनींना त्रास द्यायचा नाही. मी म्हटलं, काका, हे पुस्तक निघाल्यावर पुन्हा आपल्याला कुणी विचारायला येणार नाही. मॅडमएवढ्या वयाच्या माणसांना बाबा कोण हेही माहीत नसेल.

"तू दादाले पाहिलं नाही, कामिनी," काका म्हणाले. "म्हणून तुले सोपं आहे."

खोटं नव्हतं ते. फोन ठेवून मी धुतलेले तांदूळ पुन्हा धुतले.

रविवारी काका पहिल्या बसनं आले. दिल्लीला घालून जातात तो पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. आत्या आली. आईला मी एवढंच सांगितलं की मॅडम पुस्तकासाठी बाबांबद्दल विचारतील. बरं, म्हणाली आणि न सांगता चांगलं पातळ नेसून बाहेर येऊन बसली.

मॅडम टेकतात न टेकतात तोच काकांनी बोलायला सुरुवात केली. दिल्लीची सगळी निवेदनं, कोणते मंत्री काय म्हणाले, कोणत्या साली कोणतं शिष्टमंडळ पलीकडे जाऊन तुरुंग पाहून रिकाम्या हातानं आलं. कैद्यांना दाखवलंच नाही तर दिसतील कसे, असं ते म्हणाले. मॅडम मन लावून ऐकत होत्या. काका म्हणाले, आमच्याजवळ पुरावा आहे. मॅडमनी विचारलं, कोणता? काकांनी आईकडे पाहिलं आणि आवाज उतरला. आहे, एवढंच म्हणाले. म्हणून आमचं ठरलं आहे, बेपत्ता लिहा. आत्यानं मान हलवली. मीही हलवली असेन. नाही म्हणायला माझ्याजवळ काय होतं?

आई काहीच बोलली नव्हती. मॅडमच्या ते लक्षात आलं. पोरगी मनानं चांगली, तिला वाटलं सगळे परस्पर ठरवताहेत आणि ज्या बाईचा नवरा तिला कुणी विचारत नाही. ती उठून आईच्या खुर्चीपाशी आली, गुडघ्यांवर बसली, आईचा हात हातात घेतला आणि शिकलेली सगळी माया आवाजात आणून म्हणाली, "काहून आई, तुम्ही काहीच नाही बोलून राहिल्या?"

आत्याच्या हातातला कप बशीवर जायचा राहिला. काका मॅडमकडे असे पाहत होते, जणू त्यांनी थोबाडीत मारली आहे. मॅडमचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकलं. उच्चार चुकला असं त्यांना वाटलं असणार. उच्चार अगदी बरोबर होता. काहीतरी करायचं म्हणून मी उठले, चहा टाकते म्हटलं. आईनं हातानंच मला खाली बसवलं.

"वीरगती लिही," आई मॅडमना म्हणाली.

"वहिनी," काका म्हणाले, "काय बोलून राहिल्या तुम्ही? दादा तिथं..."

"तिथं काय, भाऊजी?"

काका इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढू लागले.

"सांगा ना. तिथं काय करून राहिले ते? रोज काय होते त्यायचं? पेढे वाटले तुम्ही, हे नाही सांगितलं कधी."

आत्या म्हणाली, वहिनी, असं नको बोलू. तिच्याकडे आईनं पाहिलंसुद्धा नाही. आवाज चढला नव्हता. भाजीवाल्याशी भाव करतानाही तिचा आवाज यापेक्षा मोठा असतो.

"तुम्ही दिल्लीहून येता आणि म्हणता, जिवंत आहे. मी हो म्हणते. तुमचं तोंड पाहून हो म्हणत आली मी. एवढं सगळं आयुष्य घातलं तुम्ही भावामागं, तुमाले कसं सांगू?" तिनं मॅडमच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. "रोज सकाळी देवापुढे बसते तं तुमाले सगळ्यायले वाटते, मी त्यायचं आयुष्य मागते. नाही मागत, भाऊजी. एक दिवस नाही मागितलं. मी एवढंच मागते, ते त्याच दिवशी मेले असू दे. विमानातच. काही समजायच्या आधी."