बादलीने बंद ठेवलेले दार

ते साल होते दोन हजार एकवीस. मित्रांनो, मी त्या सालातली एक जुनी स्टीलची बादली आहे. आता मला पोचे पडले आहेत, कडीही एका बाजूने निसटते. माझे काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका.

कारखान्यातून माझ्या बहिणी न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत गेल्या. माझ्या नशिबी दोरी आली आणि गटार आले. रोज सकाळी गाडीवाले काका रस्त्यावरचे लोखंडी झाकण उचलत, मला खाली सोडत आणि वस्तीचे सांडपाणी वर घेत. "चल ग बयो, मार बुडी," असे म्हणत. त्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेतल्या ताईंकडे जाई.

सुरुवातीला मला फार लाज वाटे. मग एकदा ताईंनी काकांना सगळे समजावून सांगितले आणि मी ऐकता ऐकता थक्क झाले. कोरोनाचा विषाणू माणसात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. त्या घाईत मध्येच एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादीच अशी जमते की त्या नकलेला एका माणसातून दुसऱ्यात उडी मारणे सोपे होते. मग तिचीच पिलावळ वाढते आणि जुन्या रूपाला मागे सारून नवे रूप घरोघर पोहोचते. कितीतरी माणसे अजून खोकलेलीही नसतात, पण विषाणूचे तुकडे त्यांच्या पोटातून गटारात आलेले असतात. एवढी मोठी उलथापालथ, आणि ती माझ्या तळाशी गढूळ पाण्यात गुपचूप बसलेली!

"म्हणजे कोण आजारी पडणार, ते हिला आधीच ठाऊक?" काकांनी डोळे मोठे केले.

"कोण ते नाही, काका. किती पसरलंय आणि कुठलं रूप, एवढंच. चहाड्या नाही करत ती."

त्या दिवसापासून काका मला बाईसाहेब म्हणू लागले.

आमच्या फेरीतल्या पहिल्या झाकणाखाली एका वृद्धाश्रमाचे आणि भोवतालच्या गल्ल्यांचे पाणी येई. त्या वृद्धाश्रमात ताईंची आई राहत होती. वर्षभर ताई तिला काचेआडूनच पाहत होत्या. आसपासच्या वस्त्यांच्या पाण्यात नवे रूप दिसू लागले होते. या झाकणाखालचा निकाल तेवढा यायचा होता. वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमचं पाणी चांगलं आलं, तर रविवारी दार उघडते." ताईंनी आईच्या डोक्याला लावायची तेलाची बाटली पर्समध्ये टाकूनही ठेवली.

आणि पाणी चांगले आले. नव्या रूपाचा मागमूस नाही, जुन्याचाही नाही. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. ताईंनी फोन उचलला, आणि तो हातातच राहिला. माणसांच्या विष्ठेत नेहमी सापडणारा एक निरुपद्रवी विषाणू त्या दर वेळी शोधत. पाणी खरेच वस्तीचे आहे, याची ती खूण. आज तीसुद्धा नव्हती.

काका मला घेऊन दारातच उभे होते.

"काका, एवढी मोठी वस्ती, आणि कोणी संडासलाच गेलं नाही?"

काका खो खो हसले. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि हसू मावळले.

"ताई, आमची ही फार ओरडायला लागली हो. म्हणे, घाणीची बादली घरी आणता, नातवंडं खेळतात तिथं. म्हणून हल्ली रात्रभर ब्लीचचं पाणी भरून ठेवतो. सकाळी ओततो की निघतो."

"विसळत नाही?"

"स्वच्छ बादली कशाला विसळायची?"

दिवसातली माझी पहिली बुडी या झाकणाखाली असे. माझ्या अंगाला राहिलेले ब्लीच तिथल्या विषाणूचे तुकडे नाहीसे करून टाकी, आणि पुढच्या झाकणांपर्यंत मी धुऊन निघे. मी लखलखत होते, आणि आंधळी झाले होते.

गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. ताईंनी पर्स उघडली, बाटलीकडे पाहिले, पर्स बंद केली.

"चला काका. हिला साध्या पाण्यानं खळखळून धुवा."

नव्या पाण्यात नवे रूप सापडले. जुन्याला त्याने केव्हाच मागे टाकले होते. त्या गल्ल्यांत अजून कोणाला शिंकही आली नव्हती.

ताईंनी वृद्धाश्रमाच्या बाईंना दार बंदच ठेवायला सांगितले आणि मग आईला फोन लावला. "आई, रविवारी नाही येत."

"का ग? पाणी चांगलं नव्हतं?"

"बादली चांगली होती. पाणी नाही."

मग आई म्हणाली, "तेल सांडू नकोस म्हणजे झालं. चार केस उरलेत, ते थांबतील."

पुढे त्या गल्ल्या खोकल्याने भरून गेल्या. वृद्धाश्रमाचे दार बंदच राहिले, कामाच्या बायका आतच मुक्कामाला राहिल्या, आणि आतले एकही माणूस गेले नाही.

आता झाकणाखाली यंत्र बसले आहे. काका निवृत्त झाले. घरी अजून ब्लीच वापरतात, पण विसळतात. वृद्धाश्रमाच्या बाई लेकीकडे राहायला गेल्या. ताई नव्या मुलींना शिकवतात की काहीच सापडले नाही, तर आधी ती खूण सापडली का ते बघा. मित्रांनो, तुम्हीही एवढे करा. कोरे उत्तर हाती आले, तर टाळ्या वाजवण्याआधी बादलीचा वास घ्या.

आणि आई? "जिनं माझ्या पोरीला दारातून परत पाठवलं, ती सटवी मला दाखवा," असा तिने हट्टच धरला. म्हणून मी आता वृद्धाश्रमाच्या अंगणात असते. दर रविवारी ताई मला उपडी घालतात, माझ्यावर बसतात आणि पुढ्यात बसलेल्या आईच्या डोक्याला तेल लावतात. माझ्या बुडाचा पोचा त्यामुळेच पडला आहे. तो कोणी ठोकून सरळ करू नये, एवढेच माझे मागणे.