विषयाला धरून

लाल पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या... बारीक, एकीला लागून एक, उंदरानं कुरतडल्यासारख्या. आणि हे टोपण आपणच चावतो हे राधाकिशन गुरुजींना आज, निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात पहिल्यांदा दिसलं. चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो – पेन तोंडात घालू नये.

टोपणाशेजारी मोहिनीची वही उघडी होती, आणि पानाच्या तळाशी त्यांच्याच वळणदार अक्षरातला शेरा, काल संध्याकाळी पोरं गेल्यावर हाताच्या सवयीनं लिहिलेला – 'विषयाला धरून लिहावे.' शाई कधीच वाळली होती.

त्यांच्या ओसरीवर रोज पाचला पाच पोरं अभ्यासाला बसतात. काल त्यांना 'माझी दिनचर्या' लिहायला दिली. चौघांनी लिहिलेलं गुरुजींना पाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं – दर वर्षी फळ्यावर लिहून दिलेलं, थोरल्यांच्या वह्यांतून धाकट्यांकडे उतरत आलेलं – 'मी सकाळी सहा वाजता उठतो. दात घासतो. आईवडिलांना नमस्कार करतो.' चौघांपैकी तिघांचे आईवडील दसरा झाला तसे ऊसतोडीला गेलेले, तिकडं कर्नाटकात कुठल्याशा कारखान्यावर... आणि पोरं इथं आजीपाशी राहून त्यांना रोज सकाळी नमस्कार करत होती, आणि गुरुजी त्याखाली 'छान' लिहीत होते. किती वर्षं? किती पोरांच्या वहीत?

मोहिनीचेही गेलेत. पाचवीतली पोर, शेजारच्या बायडाबाईची नात. तिनं लिहिलं होतं – 'मी उठते. पप्पाचे बूट दारात ठेवते. मंजी घरात माणूस हाय असं वाटतं. सांजच्याला कुत्रं नेतं म्हणून आत घेते. मंग भाकर खाते.' एवढंच. 'मंजी'खाली लाल रेघ, 'हाय'खाली लाल रेघ. बुटांखाली काही नाही. बूट आपण वाचलेच नाहीत... वाचले, पण तपासताना वाचतात तसे.

वही देताना ती म्हणालीही होती, "गुरुजी, तुमची दावा की दिनचर्या." आणि ते सहज बोलून गेले होते, "उद्या दाखवतो." पोरांना दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. पाचला ती येणार. तोवर आपली लिहायची, आणि या शेऱ्याचं काय ते ठरवायचं.

त्यांनी नवी वही घेतली. 'मी पहाटे पाच वाजता उठतो' – आणि थांबले. पाचला कुठं? साडेतीनलाच जाग येते, मग पाचपर्यंत वरच्या पत्र्याकडं बघत पडून राहतो. खोडलं. 'साडेतीनला जाग येते. पडून राहतो.' लिहिताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या, मागं तपासणीचे साहेब येऊन उभे राहिले की व्हायच्या तशा. 'चहा पितो.' चहा करतं कोण? 'सावित्री चहा करते. मी पितो. चांगला झाला असं म्हणत नाही.' हे मी लिहिलं?... पण हात थांबेना. 'दाढी करतो. इस्त्रीचा शर्ट घालतो. खिशाला दोन पेनं लावतो, एक निळं, एक लाल. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी...'

इथं पेन अडलं.

पदराला हात पुसत सावित्रीबाई बाहेर आल्या. "साडेनऊ झाले. आज फाट्यावर हजेरी लावायची न्हाई का?"

"कसली हजेरी?"

"मला काय म्हाईत. गाडीच इचारती आसंल, गुरुजी कावून आले न्हाईत म्हणून." आणि त्या हसत आत गेल्या.

म्हणजे तिला ठाऊक होतं. दोन वर्षं 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत होतो, आणि तिला ठाऊक होतं. नोकरीत असताना नऊ चाळीसची हीच गाडी धरून गुरुजी केजला जायचे, तिथून जीपनं शाळेच्या गावी. कंडक्टर त्यांच्यासाठी घटकाभर गाडी थांबवायचा. आता ते फाट्यावरच्या बाकावर बसतात. कुणी विचारलं तर – केजला काम आहे. गाडी येते, चार माणसं चढतात, नवा कंडक्टर त्यांच्याकडं बघतही नाही, दार लागतं... धुरळा बसला की ते घरी येतात.

हे गाळलं तर? 'फिरायला जातो' म्हटलं की झालं. त्यांनी लिहिलं – 'फिरायला जातो.' वाक्य सुबक दिसलं. शुद्ध, निर्दोष... अगदी 'आईवडिलांना नमस्कार करतो' सारखं. मग त्यावर आडवी रेघ मारून त्यांनी लिहिलं – 'मी फाट्यावर जाऊन बसतो. केजची गाडी येते. मी चढत नाही. गाडी गेली की घरी येतो.'

तेवढ्यात लांबून हॉर्न ऐकू आला. गुडघे आपोआप उचलले गेले. त्यांनी मांडीवरच्या वहीवर दोन्ही तळवे दाबून धरले, दंगेखोर पोराला बसवतात तसं स्वतःला बसवलं. नाही. आज नाही. इंजिनाचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, उतारावर विरत गेला. गाडी गेली. मी इथंच होतो.

मग त्यांनी मोहिनीची वही ओढली, कालच्या शेऱ्यावर लाल रेघ मारली – खाली काय होतं ते दिसू दिलं – आणि लिहिलं, 'वाचले.' हा शेरा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता.

पाचला मोहिनी सगळ्यांच्या आधी आली. आधी आपलं पान बघितलं.

"ह्ये खोडलंय कावून, गुरुजी?"

"चुकलं होतं."

"माझं?"

"माझं."

ती खूश झाली. मग त्यांची वही मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचू लागली. बोट चहापाशी थांबलं. तिनं आत सावित्रीबाईंकडं एक नजर टाकली. दोन पेनांपाशी थांबलं. फाट्यापाशी बराच वेळ.

"गाडीत बसत न्हाईत?"

"न्हाई."

"मंग जाता कावून?"

दरवर्षीच्या पोरांच्या शेकडो 'का'ला त्यांच्याकडं उत्तर असायचं, नसलं तर रागावणं असायचं.

"ते अजून लिहायचंय," ते म्हणाले.

"लिवा मंग. खाली जागा हाय." तिनं वही त्यांच्यापुढं सरकवली आणि आपलं दप्तर उघडून बसली.

उद्या नऊ चाळीसला आपण जाऊ की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं. गेलो तर लिहायचं, नाही गेलो तरी लिहायचं, एवढं ठरलं होतं. त्यांनी पेन उघडलं. रिकाम्या ओळीकडं बघता बघता टोपण तोंडात गेलेलं त्यांना कळलं... आणि कळूनही त्यांनी ते लगेच काढलं नाही.