बनाक्काचं कुर्र

“बहिऱ्या आत्यानं कानात कुर्र केलं, तर पोर बहिरंच निघायचं. नाव दुसरं कुणीबी ठिवा,” म्हाळसाबाईंनी जावयाला बजावलं. लेकीच्या बाळंतपणाला त्या इंदापूरहून निरवांगीला आल्या होत्या.

सोपानला ते झोंबलं. आईच्या माघारी थोरल्या बहिणीनं, बनाक्कानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो रांगत होता तेव्हा तिचे कान फुटले, पू वाहिला आणि ऐकू येणं गेलं. पुढं लग्नही राहिलं. शिवाय बोलायची इतकं हळू, की गावानं तिला शिष्ट ठरवून टाकलं. बहिरी माणसं ओरडतात, ही बया कुजबुजते! आता भावाच्या पहिल्या लेकीचं नाव ठेवायचा मानही हिसकायचा म्हणजे झालंच की.

बारशाच्या आदल्या दिवशी त्यानं तिला एसटीत बसवलं आणि बारामतीला दत्तोपंत डॉक्टरांपुढं नेऊन उभं केलं.

डॉक्टरांनी एक पोलादी चिमटा गुडघ्यावर आपटून घुमवला आणि तिच्या कानाजवळ धरला. बनाक्का ढिम्म. मग त्याची दांडी कानामागच्या हाडाला टेकवली, तशी ती दचकून ताठ झाली.

“आत वाजतंय,” ती पुटपुटली.

डॉक्टर खूश झाले. “आवाजानं कानाचा पडदा हलतो, त्यामागची तीन चिमुकली हाडं हलतात. ती आतल्या शंखातलं पाणी हलवतात. पाण्यात केसांसारखे बारीक तंतू असतात, ते लवले की नस मेंदूला निरोप धाडते. यांचा पडदा आणि हाडं गेलीत.”

“म्हंजी मोट मोडलीया, पाट आन् पीक शाबूत हाय?” सोपाननं विचारलं.

“अगदी! डोक्याच्या हाडातून आवाज थेट आत पोचतो. स्वतःचा आवाज त्यांना आतून मोठा ऐकू येतो, म्हणून त्या हळू बोलतात. आणि हे पिकलेल्या कानाचं दुखणं आहे, बाळाला लागत नाही.”

सोपाननं घरी येऊन सासूबाईंना मोटेसकट सगळं ऐकवलं. डोकं टेकवलं तर आवाज पोचतो, हे बनाक्कालाही हातवारे करून सांगितलं.

“डाक्टर म्हणतोय तर करू द्या,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “पर म्या जवळच बसनार.”

दुसऱ्या दिवशी बनाक्का पाळण्यात वाकली. “कुर्र... पद्मा.” बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, हसण्याचा एकच गलका झाला, आणि पद्मानं भोकाड पसरलं.

बनाक्कानं तिला उचललं आणि तिचं डोकं आपल्या कानामागच्या हाडाशी घट्ट धरलं. बायका पुढं झाल्या, पण ती पोर काही सोडेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ओठ हलले, पण गलक्यात कुणालाच काही कळलं नाही.

म्हाळसाबाईंनी हात वर करून साऱ्यांना गप्प केलं आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला.

“सोपान्या असाच रडायचा,” बनाक्का म्हणत होती.