महापरसादाचं नाव

सिहोऱ्याच्या चंद्रभान पटले याला शौचाच्या वेळी रक्त पडू लागलं, तेव्हा त्यानं ते बायकोला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. सांगितलं फक्त महापरसादाला. आणि तिथंच फसला बिचारा.

महापरसाद म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या धानाच्या पट्ट्यात दोन माणसं देवासमोर नारळ फोडून, एकमेकांच्या कपाळी टिळा लावून मैत्री बांधतात. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, अरे-तुरे करायचं नाही. हाक मारायची ती 'महापरसाद' अशीच. लग्नात सख्ख्या भावाच्या आधी त्याचा मान, मयतीत पहिला खांदा त्याचा. नाव तोंडातून गेलं की नातं तुटलं. चंद्रभान आणि हेमराज बिसने यांनी मिसरूड फुटायच्या वयात गायमुखच्या जत्रेत हे नातं जोडलं होतं. आता दोघांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण चंद्रभाननं ते नाव कधी उच्चारलं नाही. गावात आणखी एक हेमराज होता, त्यालाही हा गडी 'तो आटाचक्कीवाला' म्हणायचा. आता बोला!

हेमराजलाही मागच्या वर्षी हाच त्रास झाला होता. तो नागपूरला जाऊन आला आणि पानठेल्यावर महिनाभर त्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचीच कथा चालली. त्यामुळे चंद्रभानला वाटलं, आपल्या हाताशी जाणता माणूस आहे.

"कायी नाई होत, महापरसाद," हेमराज म्हणाला. "मागून दुर्बीण घालतात, आतडं पायतात. मी दोन्ही करून पायल्या. एक हवेची, एक पाण्याची. तुमी हवेचीच करा. पोट जरासं फुगते, बस. पाण्याची नका करू, बरफासारखं गार पाणी सोडतात आतमंधी. अन् गुंगीची सुई तर घेऊच नका. जागेच राहा."

"दुखत नाई ना?"

"मी आहो ना सोबत! भेता काहून?"

झालं. चंद्रभानच्या मोठ्या भावाला आतड्याच्या कॅन्सरनं नेलं होतं, त्यामुळे रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढं तेच नाचत होतं. महापरसादाच्या शब्दावर मात्र त्याला धीर आला आणि दोघं भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टर हर्षा मॅडम मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आतडं म्हणजे चेपलेली नळी. दुर्बीण पुढं सरकवायची तर ती उघडावी लागते. जुन्या पद्धतीत त्यासाठी हवा भरतात. हवेनं आतडं फुगतं, ताणलं जातं, वळणावर कळ येते, म्हणून बहुतेकांना गुंगीचं इंजेक्शन देतात. दुसऱ्या पद्धतीत हवा भरत नाहीत. कोमट पाणी थोडं थोडं सोडायचं, गढूळ झालं की ओढून घ्यायचं आणि असं करत पुढं जायचं. वेळ जरा जास्त लागतो, पण दुखणं कमी.

"जागं राहायचं असेल तर पाण्याची घ्या," मॅडम म्हणाल्या. "मी दोन्ही करते, दोन्हीकडच्या पेशंटला विचारतेही. पाण्याचीवाले कमी ओरडतात."

'कोमट' हा शब्द ऐकून चंद्रभाननं शेजारी पाहिलं. हेमराज छताच्या पंख्याकडे बघत होता.

"नाई मॅडम," चंद्रभान छाती काढून म्हणाला. "हवेचीच करा. सुई नको. माह्या महापरसादानं दोन्ही करून पायल्या."

मॅडमनी दोन वेळा समजावलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. सुरुवात हवेनं करू. नाही सोसलं तर हात वर करा."

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर होती. बाटलीभर पाण्यात कालवायची आणि घोट घोट पीत बसायची. चव अशी की म्हशीनंही तोंड फिरवावं. त्यानंतर दिवसभर चंद्रभानचं अंगण ते संडास, संडास ते अंगण. ज्याच्यावर ही वेळ आली तो माणूस दुर्बिणीचं नंतर सांगेल, आधी या पावडरीच्या नावानं बोटं मोडेल. आणि हेमराज? महिनाभर पानठेल्यावर बोलला, पण या पावडरीचं अक्षर नाही!

चंद्रभाननं त्याला फोन लावला. "महापरसाद, ह्या पावडरीचं नाई सांगतलं तुमी?"

"कायची पावडर?" हेमराज गडबडला. "मले... मले नाई लागली. माहं पोट पयलेच साफ होतं."

फोन ठेवून चंद्रभान बाजेवर बसला. मनात पाल चुकचुकली. पण लगेच त्यानं आपलीच लाज काढली. महापरसादावर शंका घेतोस? आणि तो पुन्हा संडासाकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी त्याला टेबलावर डाव्या कुशीवर निजवलं. हवा सुरू झाली. पोट आधी जड झालं, मग टरारलं, आणि पहिल्या वळणावर अशी कळ उठली की चंद्रभाननं "मेलो वो माय!" म्हणून जी बोंब ठोकली, ती बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकली. हात वर करायचंही त्याला भान राहिलं नाही.

"हवा ओढून घेते," मॅडम म्हणाल्या. "आता पाण्यानं जाऊ."

पोट हळूहळू उतरलं. मग पाणी आलं. ऊन, लेकराला आंघोळ घालावी तसलं. कळ बसली. थोडं ओढल्यासारखं, थोडं गुडगुडल्यासारखं वाटत राहिलं. चंद्रभानच्या डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टर रुपानं विचारलं, "काका, दुखतंय का?" त्यानं मान हलवली. दुखत नव्हतं, हेच तर दुखत होतं. बरफासारखं गार म्हणाले होते महापरसाद.

आत एक मांसाचा कोंब सापडला. मॅडमनी तो तिथंच काढला, तपासायला ठेवला. "दिसायला तरी साधा वाटतो," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. असंच अंगावर काढत राहिला असता, तर हाच कोंब बिघडला असता."

चंद्रभान पोट धरून बाहेर आला. हेमराज बाकावरून उठून धावतच आला, त्याचा दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाला, "हवेनं खूप दुखलं का? सुईबिगर सोसते का माणसाले?"

काय निघालं, हे त्यानं विचारलं नाही. जीव वाचला का, हे विचारलं नाही. तिथं सगळं लख्ख झालं.

"तुमची कधी झालीच नाई," चंद्रभान म्हणाला.

हेमराजनं आधी हसून पाहिलं, मग घाम पुसला. मग बाकावर बसून सगळं ओकला. नागपूरच्या दवाखान्यात हवेचीच करतात. आतून कुणाची तरी किंकाळी ऐकली आणि हा तिथूनच पळाला. सुई घ्यावी तर त्याचा भाऊ ऑपरेशनच्या सुईनं झोपला तो उठलाच नव्हता. गावात कोणत्या तोंडानं सांगणार? मग दवाखान्याच्या बाकांवर ऐकलेलंच तिखटमीठ लावून सांगत सुटला.

"अन् मले हवेचीच करा म्हणले. बिना सुईची."

"मले तशीच करावी लागन ना," हेमराज खाली बघत म्हणाला. "वाटलं, तुमी जाऊन आले की समजन. तुमाले सोसलं तर मलेही सोसन."

चंद्रभानच्या अंगाचा तिळपापड झाला. नाल्याला पूर आला की लोक खोली पाहायला आधी मरतुकडा बैल घालतात, तसं घातलं होतं त्याला.

"मांगतलं असतं तर मी गेलो असतो ना!" तो ओरडला. वऱ्हांड्यातली माणसं वळून बघू लागली. "'महापरसाद, मी भेतो, तुमी आधी जा', एवढं म्हणले असते तर हासत गेलो असतो. हवेची काय, इस्तवाची केली असती. फसवलं काहून?"

हेमराज पायातल्या चपलेशी चाळा करू लागला.

"रक्त अजून पडते?" चंद्रभाननं विचारलं.

"पडते," तो म्हणाला. "रोज."

चंद्रभान वळला आणि काउंटरवर सिस्टर रुपापाशी गेला.

"आणखी एका माणसाची दुर्बीण करायची आहे. त्याले रोज रक्त पडते. पाण्याची करा, हवेची नको. सुईले भेतो तो."

"नाव सांगा."

मागं बाक खडखडला. हेमराज उठून उभा राहिला होता. "महापरसाद," तो कळवळून म्हणाला, "माहं नाव मी सांगतो. तुमी नका घेऊ. पाया पडतो तुमच्या."

चंद्रभाननं वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"हेमराज," तो म्हणाला. "हेमराज बिसने."

सिस्टरनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाई," चंद्रभान म्हणाला. "गावचा माणूस आहे. जवळात जवळची तारीख द्या त्याले, बाई."