औषध बाहेर फेकणारी बाधा

डाळज गावच्या पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आप्पासाहेब महाराजांनी डॉक्टरच्या गोळ्यांनंतर पुन्हा उठलेल्या, वृषालीच्या मानेवरच्या नायट्यावर अंगारा चोळला आणि दंड थोपटले, "तिसऱ्या दिवशी लाली गेली न्हाय तर माझी दाढी उतरवा!"

लाली खरंच गेली. लोकांनी नारळ फोडले. दहाव्या दिवशी नायटा पोटापर्यंत पसरला.

"बाधा चिडली!" महाराजांनी डोळे फिरवले. "डॉक्टरचं औषधबी तीच बाहेर फेकत हुती. आता लेक आईपासून लांब ठिवा, न्हायतर लेक जाईल!"

सासू बनाबाईंनी सुनेला गोठ्यात कोंडलं. तीन वर्षांची पोर दारावर डोकं आपटत होती. कोंडल्यापासून चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन गेलो, तर वृषालीनं तांब्या ढकलला. "चाचा, माझ्यापायी लेक मरंल. त्यापरीस मीच जाते."

मी अय्युब, गावातला मेडिकलवाला. महाराजांचा माणूस दर सोमवारी माझ्याकडूनच मलमाचा खोका न्यायचा. कशाला, हे मी मेल्यानं कधी विचारलं नाही.

माझी लेक सबिना इंदापुरात त्वचेची डॉक्टर. फोन करताच ती तडक आली. पारावर सगळ्यांसमोर तिनं अंगारा बोटांत चोळला. "राख कोरडी असती. ही तेलकट कशी?"

मी त्याच मलमाची ट्यूब उंच धरली. "हे कालवलंय त्यात! स्टेरॉइड. लाली दबती, अन् खालच्या बुरशीला रान मोकळं."

महाराज चपला शोधू लागले.

"मग औषध कोण फेकत हुतं?" बनाबाईंनी विचारलं.

"बुरशीच, मावशी," सबिना म्हणाली. "तिच्या पेशीच्या पडद्यात बारके पंप असत्यात. मोटार वीज खाऊन विहीर उपसती, तसे ते पेशीची ताकद खर्चून आत आलेलं औषध बाहेर उपसत्यात. डोस अर्धवट पडला की कच्ची बुरशी मरती, जोरदार पंपवाली उरती अन् तिचीच पैदास वाढती."

मग गोठ्याच्या बंद दाराशी जाऊन तिनं विचारलं, "वृषाली, गोळ्या पुऱ्या घेतल्या?"

"खाज थांबली, तवा उरलेल्या जावेला दिल्या. तिलाबी खाजत हुतं."

"अन् टॉवेल?"

"घरात एकच हाय."

"तपासून दुसरं औषध देते. दोघींनी पुरतं घ्या, टॉवेल वेगळे करा. नायट्यानं लेक मरत न्हाय."

बनाबाईंनी रडत गोठ्याचं दार उघडलं. पोर धावली, पण वृषाली भिंतीला चिकटली. "नगं! शिवू नगं मला!"

नायटा जाईल हो, पण ही भीती कुठल्या गोळीनं जायची? हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की आधी विचारा, 'हे झालं कसं?' मी विचारलं नाही, आणि ती पोर आईपुढं हात पसरून उभी राहिली.