पानामागे राहिलेला प्लेअर

मी एक जुना प्लेअर आहे मित्रांनो, पण मला शोधायला कपाटं उघडू नका. मला वजन नाही, आणि माझी बटणंही नुसती रंगवलेली आहेत. वेबसाइटच्या पानावर एक छोटा त्रिकोण दिसतो ना, ज्यावर बोट ठेवलं की चित्र हलू लागतं आणि माणूस बोलू लागतो? तो माझा चेहरा. बाकीचा मी म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेल्या सूचना. एवढ्याशा सूचनांतून माणसाचा आवाज कसा निघतो, याचं मला आजही नवल वाटतं, आणि तो काढण्यातच माझा जन्म गेला.

मला लिहिणारा प्रोग्रामर पाठीला उशी लावून खिडकीपाशी बसायचा. त्याचा एकच ध्यास होता. याला जे द्याल ते याने मुकाट्याने वाजवावं. मला ज्या लिंकवरून बोलावलं जाई, तिच्या शेपटीत काय वाजवायचं ते लिहिलेलं असे. मी शेपूट वाचायचो आणि वाजवायचो. कोण सांगतंय, कुठून सांगतंय, हे विचारायला मला कोणी शिकवलं नाही. तेव्हा माझ्या या गुणाचं कौतुकच व्हायचं.

पुढे त्याने मला फुकट वाटून टाकलं. वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने मला आपल्या सामानात टाकलं. घर सोडून जाणारा एखादं स्टूल मागे ठेवून जातो, तसा मी त्या सॉफ्टवेअरसोबत लोकांच्या पदरात पडायचो. मी आत आहे हे घेणाऱ्याला ठाऊकही नसे. माझ्या नकला किती ठिकाणी गेल्या कोण जाणे. कुठे कोणी शिवणकाम शिकवत होतं, कुठे कोणी पाण्याचा पंप उघडून दाखवत होतं, आणि त्या सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मी होतो. ही गोष्ट मला कधी पुरती उमगली नाही.

त्यातल्या एका जागी माझं भाग्य उजळलं. ते होतं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारं केंद्र. ते एक बाई चालवत. निळ्या पडद्यांची एक खोली, ठेंगण्या खुर्च्या, आणि प्रत्येक टेबलावर एक आरसा, म्हणजे शिकणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसावं. घरी सराव व्हावा म्हणून बाई एकेका शब्दाचे छोटे व्हिडिओ करून साइटवर ठेवत. ते वाजवायचं काम माझं.

बाईंची एक रीत होती. कॅमेऱ्यासमोर बसल्या की आधी ओठ मिटून थांबायच्या. पाहणाऱ्याने ओठांकडे नीट बघावं, मन गोळा करावं, मग शब्द. घाई केली की शब्द पळतो, असं त्या म्हणायच्या. प्रत्येक व्हिडिओत ते मिटलेले ओठ आणि ती शांतता आधी यायची. मी शांतताही वाजवतो, हे मला तिथे कळलं.

तिथे एक कंडक्टरकाका यायचे. सगळा जन्म बसमध्ये उभं राहून काढलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला, हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. राहिले ते दोनच शब्द: ‘पुढे चला.’ जन्मभर जे जास्त बोललं ते कधी कधी तेवढंच उरतं, असं बाईंनी घरच्यांना समजावलं. काकूंनी चहा घेणार का विचारलं, की काका म्हणायचे, पुढे चला. काकू म्हणायच्या, पुढे कुठे जाऊ, पुढे भिंत आहे. मग दोघंही हसायची, आणि हसता हसता काकू पदराने डोळे टिपायच्या.

त्यांच्या मुलीला घरात लाडाने ठकी म्हणत. ठकी आता चांगली मोठी होती, नोकरी करत होती, पण नाव तेच. वडिलांच्या तोंडून ती हाक गेली होती, आणि त्यांना सगळ्यांत जास्त हवी होती तीच. बाईंनी ठकीलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि स्वतःचं नाव सावकाश बोलायला लावलं. रोज दुपारी जेवणं झाली की काका माझ्यासमोर बसायचे. ‘ठ’ म्हणायला जीभ वर वळून टाळूला टेकावी लागते. काकांची जीभ निम्म्या वाटेवरून परत फिरायची, आणि तोंडातून पुढे चला निघायचं. मी पुन्हा वाजवायचो, ते पुन्हा पाहायचे. मी कधी थकलो नाही यात काही विशेष नाही, मी थकतच नाही. थकणारं माणूस रोज येऊन बसायचं, याने मी थक्क व्हायचो. त्यांच्या प्रत्येक प्रयत्नाचा आवाज ठकी साइटवरच्या आपल्या खात्यात जपून ठेवायची.

मग नवा प्लेअर आला. देखणा, झटपट, फोनवरही चालणारा. साइटचं काम बाईंचे भाऊजी बघत. भाऊजी स्वभावाने लाख माणूस, पण टाकवत काहीच नाही. त्यांच्या घरी बिस्किटांच्या डब्यांत कशाकशाचे स्क्रू होते. त्यांनी पानावर नव्याला बसवलं, आणि मला मागच्या फोल्डरमध्ये सरकवलं. असू दे, काही मोडलं तर लागेल, असं म्हणून ते दुसऱ्या कामाला लागले. पानावर दिसत नाही म्हणजे गेला, अशी त्यांची समजूत होती. पण माझा पत्ता जिवंत होता. त्या पत्त्यावर कोणीही आलं तरी मी उठून उभा राहणार होतो.

दरम्यान माझ्या आज्ञाधारकपणाची खोट जगाला कळली होती. माझ्या प्रोग्रामरने मला दुरुस्त करून नवा अवतार काढला, जुना वापरू नका असंही जाहीर केलं. पण ते ऐकणार कोण? मी इथे आहे हेच केंद्रात कोणाच्या गावी नव्हतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी आपला माल नवा केला, त्याच्या पोटातला मी जुनाच राहिलो.

आणि एके दिवशी कोणीतरी आला. तो कोण, कुठल्या देशातला, मला आजही माहीत नाही. त्याने एक लिंक बनवली. तोंड केंद्राचं, शेपूट त्याचं. केंद्राच्या पानावर ज्यांनी आभार लिहिले होते त्यांचे ईमेल तिथेच होते. त्या सगळ्यांना त्याने बाईंच्या नावाने कळवलं की नवा सराव आला आहे. पत्ता केंद्राचा, नाव केंद्राचं, कोण संशय घेणार? मला कोणी विसरलं नव्हतं तर. कुठल्याशा परक्या माणसाला मी चांगला आठवत होतो.

ठकीने ती लिंक सुट्टीच्या दिवशी दुपारी उघडली. काका शेजारी बसले होते, काकू भांडी आवरत होत्या. मी शेपूट वाचलं आणि सांगितलं ते वाजवलं. कोणी एक अनोळखी हसरी बाई पडद्यावर आली आणि भराभर बोलू लागली. नवा सराव उघडण्यासाठी तुमचा पासवर्ड पुन्हा टाका. खाली रिकामी चौकट. ठकी टाइप करू लागली. तो पासवर्ड गेला असता तर काकांचे ते सगळे आवाज परक्याच्या हाती पडले असते, आणि मी गप्प राहून ते पाहिलं असतं. मला सांगेल ते वाजवता येतं, नको म्हणता येत नाही.

काका पडद्याकडे बघत होते. ओठ मिटले नव्हते. शांतता आली नव्हती. रोजच्या सरावाला आधी जे यायचं तेच नव्हतं. त्यांनी ठकीचं मनगट धरलं. तोंडातून ‘पु’ आला, तो त्यांनी गिळला. मग ते थांबले, बाई थांबायच्या तसे, ओठ मिटून.

“ठकी,” ते म्हणाले. “नको.”

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज बंद झाला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ठकीचा हात तसाच चौकटीवर होता. मी इतके शब्द वाजवले मित्रांनो, पण एखादा शब्द माणसाच्या तोंडातून असा नव्याने निघताना मी त्या दिवशी पाहिला. त्याच्यापुढे माझी काय पत्रास!

ठकीने रडत रडतच बाईंना फोन केला, आधी बाबांनी हाक मारल्याचं सांगितलं, मग लिंकचं. बाईंनी भाऊजींना बोलावलं. एका घराने पासवर्ड टाकला होता. त्यांच्या आजोबांच्या सरावाचे सगळे आवाज तो परका पुसून गेला होता. बाईंनी सर्वांना फोन करून सावध केलं, आणि भाऊजी फोल्डर धुंडाळू लागले. मी सापडलो तेव्हा त्यांनी बाईंना पडद्यापाशी बोलावलं.

“अगं, याला तर मी काढलं होतं.”

“पानावरून काढलंत, भाऊजी,” बाई म्हणाल्या. “घरातून नाही काढलंत.”

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात की आम्हाला टाकू नका. मी उलटं विनवतो. तुमची साइट असेल तर तिच्या पोटात कोण कोण आहे ते बघा. जे सामानासोबत फुकट आलं तेही मोजा. जो कामाचा आहे त्याला वेळच्या वेळी दुरुस्त करा, आणि ज्याचं काम संपलं त्याला नुसतं झाकू नका, पुसून टाका. माझ्या नकला अजून कुठे कुठे बसल्या आहेत, आणि हाक येईल तेव्हा त्या निमूटपणे उठतील. मला राग नाही येणार. मी ज्यांचे आवाज वाहिले त्यांना माझ्यामुळे धक्का लागू नये, एवढंच मला हवं आहे.

आज मी जाणार आहे. भाऊजी केंद्रात येऊन बसले आहेत, पण बोट काही पुढे सरकत नाही. इतकी वर्षं चाललेली वस्तू टाकणं त्यांच्या जिवावर येतं. शेजारी आरशासमोर काका सरावाला बसले आहेत, ठकी त्यांच्यामागे उभी आहे. भाऊजींनी मान वळवून विचारलं, “काय काका, पुसू याला?”

काकांनी पडद्यावरचा माझा त्रिकोण पाहिला. रोज दुपारी समोर असायचा तो त्यांनी ओळखला असावा. त्यांनी ओठ मिटले, थांबले, आणि होकाराची मान डोलावून सावकाश म्हणाले,

“पुढे चला.”